गिझर वायफायला जोडला जात नाही, नाशिककर वाचवा!

उंबरठा | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दिवाळीत आम्ही गंगापूर रोडला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. फायबरचं कनेक्शन आहे, राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे. फोन, टीव्ही, मुलाचा लॅपटॉप सगळं झकास चालतं. म्हणून नवऱ्याने उत्साहाच्या भरात गिझरसाठी वायफायवाला स्विच आणला, एक रंग बदलणारा बल्ब आणला. वॉशिंग मशीन घ्यायचंच होतं, त्यात वायफाय आपसूक आलं.

तिन्हीपैकी एकही जोडलं जात नाही. ॲपमध्ये ते गोल फिरत राहतं, ९९ टक्क्यांपर्यंत जातं आणि मग 'नेटवर्क सापडले नाही'. पासवर्ड बरोबर आहे, दहा वेळा तपासला. नेटवाल्यांचा मुलगा येऊन गेला. त्याने राउटर बंद केला, चालू केला, 'मॅडम, आमच्याकडून ओके आहे' म्हणाला आणि गेला.

बल्बचं राहू द्या, पण गिझरचं अडलंय. नाना (माझे सासरे) पहाटे साडेपाचला आंघोळीला जातात. पाच वाजता कुणीतरी उठून गिझर लावायचा असतो, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. डिसेंबरात, नाशिकमध्ये. सुचवा काहीतरी.

---

तारकरी | रविवार, रात्री १०:०५

नव्वद टक्के खात्री आहे की हा २.४ आणि ५ चा घोळ आहे.

तुमचा राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गीगाहर्ट्झची पट्टी हळू, पण लांब जाते आणि भिंती बऱ्यापैकी ओलांडते. ५ ची वेगवान, पण दोन भिंतींतच दमते. फोन आणि टीव्हीला दोन्ही कळतात. स्विच, बल्ब, वॉशिंग मशीन यांत स्वस्तातली चिप असते आणि तिला बहुतेक वेळा फक्त २.४ कळतं. गिझर चालू-बंद करायला वेग लागतोच कशाला, म्हणून कंपन्या महागडी चिप घालत नाहीत.

राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं असेल तर फोन ५ वर बसतो आणि ॲप तेच नेटवर्क स्विचला द्यायला बघतं. खरं तर अशा वेळी स्विचने २.४ शोधून घ्यायला हवं, पुष्कळदा घेतोही, पण काही ॲप इथेच अडखळतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना वेगळी नावं द्या, किंवा जोडणी होईपर्यंत ५ बंद ठेवा.

---

हंडेवाला | रविवार, रात्री १०:११

गिझरला वायफाय??? आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे. पासवर्ड लागत नाही, अपडेट मागत नाही.

---

उंबरठा | रविवार, रात्री १०:१५

@हंडेवाला काका, बंबात पहाटे लाकडं कोण घालतं?

---

हंडेवाला | रविवार, रात्री १०:१६

आमची सौ.

---

उंबरठा | रविवार, रात्री १०:१६

तेच म्हणतेय मी.

---

मिसळ_जहाल | रविवार, रात्री १०:२०

विषय संपला 😂 काका, आता झोपा.

---

एमजी_रोडचा_भाऊ | रविवार, रात्री ११:०२

ताई, मी एमजी रोडला दुकानात बसतो, रोज दोन-तीन जण हीच तक्रार घेऊन येतात. आधी एक सांगा, स्विच किती अँपियरचा आहे? गिझर २००० वॉटचा असेल तर २३० व्होल्टला साडेआठ-पावणेनऊ अँपियर खेचतो. लोक ऑनलाइन १० अँपियरचा प्लग मागवतात आणि गिझरला लावतात. दोन महिन्यांत प्लग पिवळा पडतो, मग वास येतो. गिझरला १६ चाच लावायचा. आणि वायरमनकडून बसवून घ्या, बाथरूमच्या दाराशी ओल्या हाताने प्रयोग नकोत.

आता जोडणीचं. फोनचा मोबाइल डेटा बंद करा. हे नवे स्विच जोडताना स्वतःचं छोटं नेटवर्क काढतात, फोन त्यावर जातो आणि 'इथे इंटरनेट नाही' म्हणून परत डेटावर उडी मारतो. जोडणी तिथेच तुटते. ॲपला लोकेशनची परवानगी द्या, अँड्रॉइडवर त्याशिवाय आजूबाजूची नेटवर्कं दिसतच नाहीत. आणि राउटरमध्ये सुरक्षा 'डब्ल्यूपीए ३' एकट्यावर ठेवली असेल तर 'डब्ल्यूपीए २' वर आणा, जुन्या चिपांना ३ कळत नाही.

---

उंबरठा | रविवार, रात्री ११:१०

स्विच १६ चाच आहे आणि वायरमननेच बसवलाय. बाकीचं उद्या करून बघते. भाऊ, खूप आभार.

---

सिडकोकर | सोमवार, सकाळी ७:३०

तारकरींना अनुमोदन, पण अर्धंच. २.४ वर गेलं की सुटलो असं नाही. आमच्याकडे सिडकोत घराला घर लागून. मी फोनवर मोजली तर २७ वायफाय दिसली. त्या पट्टीत एकमेकांवर न चढणारे रस्ते तीनच: १, ६ आणि ११. सत्तावीस जण तीन रस्त्यांवर, म्हणजे दसऱ्याच्या संध्याकाळचा मेन रोड. माझा राउटर आपोआप निवडायचा आणि नेमका ८ वर जाऊन बसायचा, म्हणजे ६ वाल्यांचाही धक्का आणि ११ वाल्यांचाही. हाताने १ वर ठेवला, रुंदी ४० ची २० केली, तेव्हापासून बाहेरचा कॅमेरा तुटत नाही.

आणि मायक्रोवेव्ह! तोही त्याच पट्टीच्या आसपास चालतो. आमच्याकडे आई पापड भाजायला लागली की बाबांची मालिका अडकायची. बाबांना वर्षभर वाटत होतं की चॅनेलवाले मुद्दाम करतात.

---

वाड्यातली_मांजर | सोमवार, सकाळी १०:१५

अवांतर होईल, पण सांगते. फ्लॅटवाल्यांचं दुःख मला दुःखच वाटत नाही. आम्ही जुन्या नाशकात, भद्रकालीच्या बाजूला वाड्यात राहतो. भिंती दोन-दोन फूट जाड, विटा आणि पांढरी माती. पुढच्या ओटीवर राउटर ठेवला तर माजघरात फोनवर एक कांडी, चौकापलीकडे शून्य. माझा भाऊ पुण्याहून यायचा आणि 'मेश घे, मेश घे' करायचा. घेतलं. तीन डबे. ते डबे एकमेकांशी हवेतूनच बोलतात ना, मग त्यांच्याही मध्ये तीच भिंत! दुसऱ्या डब्याला जेमतेम पोचायचं, तिसरा नुसता लाल दिवा लावून बसलेला.

शेवटी केबल टाकली. माळवदाखालून, जिथून पूर्वी विजेची लाकडी पट्टी जायची, तिथून कॅट ६ ची वायर मागच्या सोप्यापर्यंत. सुमारे वीस मीटर लागली, ती वायर शंभर मीटरपर्यंत चालते. तिकडे घरातलाच जुना राउटर लावला: त्याचं डीएचसीपी (म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद केलं, पत्ता १९२.१६८.१.२ दिला (मुख्य राउटरचा १९२.१६८.१.१ आहे), आणि वायर त्याच्या निळ्या नाही, पिवळ्या भोकात घातली. नाव-पासवर्ड पुढच्यासारखाच. नवा खर्च फक्त वायरचा. भावाचे तीन डबे त्यालाच परत दिले, भाऊबीजेला.

---

मिसळ_जहाल | सोमवार, सकाळी १०:४०

भाऊबीजेला उलटी ओवाळणी, हे पहिल्यांदाच ऐकलं.

---

तारकरी | सोमवार, सकाळी ११:००

@वाड्यातली_मांजर, निळं-पिवळं प्रत्येक राउटरवर तसंच असेल असं नाही. भोकावर 'वॅन' (बाहेरून येणारं नेट) लिहिलंय की 'लॅन' (घरातली जोडणी) ते वाचून 'लॅन'मध्येच घालावं. पण उपाय शंभर टक्के योग्य. जिथे वायर जाऊ शकते तिथे वायरच.

---

द्राक्षं_आंबट | सोमवार, दुपारी १:२०

आमची बाग दिंडोरीकडे. घर आणि पॅकिंगची शेड यांत चारेकशे मीटर, मध्ये सगळी बाग. शेडमध्ये कॅमेरा हवा होता म्हणून समोरासमोर तोंड करून दोन छोट्या डिश बसवल्या, ५ वाल्या. ऑक्टोबरची छाटणी नुकतीच झालेली, मांडव उघडा, नुसत्या काड्या. फर्स्टक्लास चाललं. डिसेंबर लागला आणि नेट मरायला लागलं. मुलगा म्हणे डिश खराब. बदलून आणली, तेच.

मग एकदा दुपारी मी नुसता उभा राहून बघत होतो आणि लक्षात आलं, पूर्वी घरावरून शेडची डिश दिसायची, आता दिसत नाही. मध्ये पानं! पानात पाणी, आणि पाणी ही लहर पिऊन टाकतं. डिश मांडवाच्याच उंचीला बांधल्या होत्या. दोन्हीकडे दहा फुटांचा पाइप जोडून वर नेल्या, तेव्हापासून खरड छाटणी असो की गोडी छाटणी, फरक पडत नाही.

पंपाच्या स्टार्टरला मात्र सिमकार्डवालाच घेतला. विहिरीपर्यंत वायफाय नेण्याच्या नादी लागू नका. थ्री फेज लाईट रात्री दोनला येते, तेव्हा फोनवरून मोटर लावायची आणि कूस बदलून झोपायचं. ताई, तुमच्या पाच वाजताच्या गिझरचं दुःख मला कळतं.

---

कोरा_चहा | सोमवार, दुपारी २:०५

हे पानांचं मला आयुष्यात सुचलं नसतं. धाग्याचं सार्थक झालं.

---

आकडेमोड | सोमवार, दुपारी ३:३०

मला मुळात प्रश्न असा पडला की गिझर पाचला लावायचाच कशाला? १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० पर्यंत न्यायला साधारण ०.८ युनिट लागतं. २००० वॉटला ते २४ मिनिटांचं काम. म्हणजे ५:०५ ला सुरू झाला तरी साडेपाचला तयार. आणि रोज ठराविक वेळेलाच हवं असेल तर वायफायचीही गरज नाही. गोल तबकडीचा १६ अँपियरचा टायमर मिळतो, खटके दाबून वेळ लावायची. नेट नाही, ॲप नाही, पासवर्ड नाही.

---

उंबरठा | सोमवार, दुपारी ४:००

पटतं. पण नानांची एकादशी, संकष्टी, ग्रहण, पाहुणे, प्रत्येकाची वेळ वेगळी. तबकडी फिरवायला पुन्हा मीच स्टुलावर चढणार.

---

एमजी_रोडचा_भाऊ | सोमवार, संध्याकाळी ६:४५

टायमर वाईट नाही, पण लाईट गेली की साधी तबकडी तेवढा वेळ थांबते. एक तास लाईट गेली तर नानांची आंघोळ साडेसहाला. आत बॅटरी असलेला घ्यावा लागतो.

वायफाय स्विचचंही तसंच एक बघून घ्या. लाईट परत आल्यावर स्विचने चालू व्हायचं, बंद राहायचं की आधी होता तसा राहायचं, हे ॲपमध्ये ठरवता येतं. गिझरला 'बंद राहणे' ठेवा. गावाला गेलात, इकडे लाईट गेली-आली आणि गिझर दिवसभर चालू, हे नको.

---

नाशिकरोड_पॅसेंजर | सोमवार, संध्याकाळी ७:१०

आणि नेट गेलं तर? सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणतायत, आमच्या भागात फायबर कितीदा तुटली त्याची मोजदाद सोडली. राउटरवर लाल दिवा लागला की मुलं आधी खिडकीतून जेसीबी बघतात.

---

तारकरी | सोमवार, संध्याकाळी ७:३०

चांगला मुद्दा. काही स्विच वेळापत्रक स्वतःच्या पोटात ठेवतात, ते नेट नसलं तरी वेळेवर चालतात. काही प्रत्येक वेळी कंपनीच्या सर्व्हरला विचारतात, ते मग मुके. तपासायला सोपं: पाच मिनिटांनंतरची वेळ लावा, राउटरची फायबर काढा (वीज नाही, फक्त फायबर) आणि थांबा.

उंबरठा, काय झालं तुमचं? नावं वेगळी केलीत का? जमलं तर राउटरच्या पानाचा फोटो टाका, पासवर्ड झाकून.

---

उंबरठा | सोमवार, रात्री ९:१५

केलं सगळं. डेटा बंद, लोकेशन चालू, सुरक्षा २ वर आणली. ५ बंद करूनही पाहिलं. तरी तेच! आता तर यादीत आमच्या नेटवर्कच्या जागी नुसते प्रश्नचिन्हांचे चौकोन दिसतात. फोटो टाकतेय.

---

तारकरी | सोमवार, रात्री ९:२२

थांबा. तुमच्या वायफायचं नाव देवनागरीत आहे?!

---

उंबरठा | सोमवार, रात्री ९:२५

हो, 'सप्तशृंगी'. नानांनी ठेवलंय. नेटवाला मुलगा बसवायला आला तेव्हा नाना शेजारी उभे राहिले आणि त्याच्याकडून मराठीत टाइप करून घेतलं. त्यांना खरं तर 'आई सप्तशृंगी' हवं होतं, पण ते घेतलंच नाही म्हणे. नाना त्यावरून अजून नाराज आहेत.

---

आकडेमोड | सोमवार, रात्री ९:४०

घेणारच नाही! वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षर एक बाइट, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, आणि काना-मात्रा-वेलांटी-हलन्त सगळं वेगवेगळं मोजायचं. स, प, हलन्त, त, श, ऋकार, अनुस्वार, ग, वेलांटी: नऊ चिन्हं, २७ बाइट. 'आई' आणि मधली मोकळी जागा मिळून ७. एकूण ३४. दोन बाइटनी हुकलं.

नानांना सांगा, 'सप्तशृंगी माय' सुद्धा बसणार नाही, मी मोजलं.

---

मिसळ_जहाल | सोमवार, रात्री ९:४४

देवीच्या नावाला दोन बाइट कमी पडले. हे वणीला जाऊन सांगा.

---

एमजी_रोडचा_भाऊ | सोमवार, रात्री १०:००

हेच कारण. फोन-टीव्हीला मराठी नाव कळतं, या छोट्या स्विचांच्या ॲपला पुष्कळदा नाही. बदलून टाका.

---

उंबरठा | सोमवार, रात्री १०:०३

नाव बदला म्हणजे... नानांना कोण सांगणार?

---

मराठी_बाणा | सोमवार, रात्री १०:१५

का बदलायचं पण? दोष ॲप लिहिणाऱ्याचा आणि नाव बदलायचं आपण? नानांचं बरोबर आहे. नियमात ३२ बाइट म्हटलंय, रोमनच हवं असं कुठे म्हटलंय? कंपनीला मेल करा.

---

तारकरी | सोमवार, रात्री १०:३०

@मराठी_बाणा, तत्त्व मान्य. पण कंपनी उत्तर देईपर्यंत उन्हाळा येईल आणि गिझरच लागणार नाही.

मधला मार्ग आहे. मुख्य नावाला हात लावू नका. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येतं. ते फक्त २.४ वर काढा, नाव साधं रोमन अक्षरांत 'Ghar24', आणि उपकरणं सगळी त्यावर. याचा दुसरा फायदा सुरक्षेचा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, कारण लोकांनी कंपनीचा पासवर्डच बदलला नव्हता. कुठल्याशा स्वस्त बल्बने माझ्या लॅपटॉपच्या नेटवर्कवर बसावं असं मला वाटत नाही.

फक्त प्रिंटर तिकडे नेऊ नका. पाहुण्यांच्या नेटवर्कवरच्या वस्तू घरच्यांना दिसत नाहीत, छपाई बंद पडेल.

---

सिडकोकर | मंगळवार, सकाळी ८:००

खरंय. माझ्या कॅमेऱ्याचा पासवर्ड लावणाऱ्याने 'ॲडमिन-ॲडमिन'च ठेवला होता. विचारलं तर म्हणे, 'साहेब, सगळ्यांचा तोच ठेवतो, लक्षात राहतो.'

---

उंबरठा | मंगळवार, रात्री ८:५०

जोडलं गेलं!!! 'Ghar24' काढलं, स्विच पहिल्या फटक्यात, बल्ब दुसऱ्या. वॉशिंग मशीनने नखरे केले, पण तेही आलं. फायबर काढून पाहिली, वेळापत्रक तरीही चालतं. उद्या पहाटे ५:०५ लावलंय. नानांचं 'सप्तशृंगी' जागच्या जागी आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

(नवऱ्याने कुतूहल म्हणून वॉशिंग मशीन परत काढून 'सप्तशृंगी'वर टाकून पाहिलं. तिथे ते बिनबोभाट जोडलं गेलं. म्हणजे अडचण नेमकी कशाची होती कोण जाणे.)

---

तारकरी | मंगळवार, रात्री ९:०५

मशीनची पट्ट्यांची अडचण असावी, स्विचची नावाची. प्रत्येकाचं ॲप वेगळं, प्रत्येकाची खोड वेगळी.

---

एमजी_रोडचा_भाऊ | मंगळवार, रात्री ९:१०

मी नावावरच ठाम आहे. 🙂

---

उंबरठा | बुधवार, सकाळी ६:२०

ताजी खबर. आज मी झोपून होते. गिझर ५:०५ ला आपोआप लागला, साडेपाचला पाणी कडक गरम. नानांची आंघोळ झाली आणि बाहेर येताना त्यांनी सवयीप्रमाणे भिंतीवरचं मेन बटण बंद केलं. आता ॲपमध्ये स्विच 'ऑफलाइन'.

---

एमजी_रोडचा_भाऊ | बुधवार, सकाळी ९:३०

ताई, हे दुकानात रोजचं आहे. मेन बटण कायम चालूच राहिलं पाहिजे. त्यावर चिकटपट्टी लावा.

---

उंबरठा | बुधवार, रात्री ९:००

लावली होती. नानांनी काढली. भिंतीचा नवा रंग निघेल म्हणाले.

---

हंडेवाला | बुधवार, रात्री ९:१२

बंब द्यायचा आहे. तांब्याचा, चालू स्थितीत. सौ. ने हा धागा वाचला.